गोळी झाडायची की नाही, याची परीक्षा कोण घेतो?

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी दिल्लीत सुरक्षा-सामग्रीचं एक प्रदर्शन पाहायला गेलो होतो. एका स्टॉलवर मोठा पडदा लावलेला, समोर जमिनीवर पिवळी रेघ, आणि रेघेवर उभं राहायला लोकांची रांग. मीही उभा राहिलो. हातात पिस्तूल दिलं. वजन खऱ्यासारखं, पण आत गोळीऐवजी लेझर. हाताला धक्का बसावा म्हणून दाबलेला वायू. पडद्यावर संध्याकाळची पार्किंगची जागा दिसत होती आणि एका गाडीच्या दाराशी एक माणूस वाकलेला होता. मला सांगितलं होतं, तुम्ही पोलीस आहात, गाडीचोरीची तक्रार आली आहे. मी ओरडलो, "हाथ ऊपर!" माणूस गर्रकन वळला, त्याचा उजवा हात जॅकेटातून बाहेर आला, आणि मी दोनदा चाप ओढला.

पडद्यावर हिरवे आकडे उमटले. दोन्ही गोळ्या छातीत. स्टॉलवरचा मुलगा खूश झाला. "सर, पहली बार में ही? कमाल!" मीही खूश. बाजूला होऊन पुढच्या माणसाचा खेळ पाहत होतो, तेव्हा तोच प्रसंग पुन्हा लागला आणि या वेळी नीट दिसलं. जॅकेटातून बाहेर आलेल्या हातात मोबाईल होता.

म्हणजे मी एका निःशस्त्र माणसाला ठार केलं होतं आणि यंत्रानं मला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

इंदूरला माझे एक स्नेही राहतात. त्यांची सगळी नोकरी पोलीस प्रशिक्षणात गेली. त्यांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी ना माझा नेम विचारला, ना वेळ. म्हणाले, "त्याचा डावा हात कुठे होता?" मला आठवेना. "ओरडल्यावर तुम्ही किती थांबलात?" सांगता येईना. "गाडीच्या किंवा खांबाच्या आड जायला जागा होती का?" पिवळ्या रेघेवरून हलायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. "मग तुम्ही गोळी का झाडलीत?" मी म्हणालो, त्याच्या हातात काहीतरी होतं. ते म्हणाले, "काहीतरी म्हणजे काय?"

हे चार-पाच प्रश्न म्हणजे आजचा आपला विषय. अमेरिकेत या प्रशिक्षणाला 'जजमेंटल' प्रशिक्षण म्हणतात. आपल्याकडे हा शब्द लोकांना नावं ठेवणाऱ्या माणसासाठी वापरतात. तो अर्थ इथे नाही. इथे अर्थ आहे निर्णयबुद्धीचा. शस्त्र वापरायचं की नाही, वापरायचं तर कोणतं, आणि कधी थांबायचं. नेमबाजीची परीक्षा वेगळी आणि ही वेगळी. अमेरिकेच्या तटरक्षक दलात दुसऱ्याच्या बोटीवर चढून तपासणी करणाऱ्यांनासुद्धा नेमबाजीच्या जोडीला निर्णयाची चाचणी द्यावी लागते. आणि जिथे ही पद्धत नीट रुजली आहे तिथे फक्त शिकणाऱ्याला प्रमाणपत्र देऊन भागत नाही. परीक्षा घेणाऱ्यालाही आधी स्वतःचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. का, ते पाहू.

चांदमारीवर परीक्षक होणं सोपं आहे. कागदी लक्ष्य असतं, त्यावर वर्तुळं असतात, भोकं मोजायची. दोन परीक्षकांनी मोजली तरी आकडा एकच येतो. निर्णयाला भोकं पडत नाहीत. तीच कृती पाहून एक परीक्षक म्हणेल "शाब्बास" आणि दुसरा म्हणेल "याला पिस्तूल देऊ नका". आणि दोघेही अनुभवी असतील.

यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण लोकांना त्याचंच जास्त कौतुक असतं. आधी भिंतीवर फिल्म दाखवायचे आणि "आता झाडली असती का?" असं विचारायचे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एक कंपनी निघाली, तिनं पडद्यावरच्या चित्राला शस्त्र जोडलं. कंपनी काढणारा होता जोडी शेक्टर, फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचा १९७९ चा जगज्जेता! कोण कुठून कुठे पोचतो पाहा. पुढे एफबीआयनं १९८७ मध्ये क्वांटिको इथे 'होगन्स अ‍ॅली' नावाचं खोटं गावच उभारलं, बँक, दुकानं, नट-नट्यांसकट. आता तर तीन बाजूंनी पडदे असलेली यंत्रं आली आहेत. यात कळीची गोष्ट एवढीच: प्रसंगाला फाटे फुटतात. तोच माणूस शरण येऊ शकतो, पळू शकतो, सुरा काढू शकतो किंवा नुसता रडू शकतो. कोणता फाटा उघडायचा हे संगणकापाशी बसलेला परीक्षक ठरवतो. म्हणजे प्रश्नपत्रिका काढणारा तोच, पर्यवेक्षक तोच, आणि गुण देणाराही तोच.

पण ही सगळी यातायात अमेरिकी पोलीस दलांनी हौसेनं केली असं समजू नका. त्यामागे कोर्ट होतं.

१९७४ मध्ये मेम्फिस शहरात १५ वर्षांचा एडवर्ड गार्नर नावाचा मुलगा घरफोडी करून पळत होता. कुंपणावर चढताना पोलिसानं त्याला पाठमोरा गोळी घातली. मुलगा निःशस्त्र असावा याची पोलिसाला बऱ्यापैकी खात्री होती. मुलाकडे सापडले १० डॉलर आणि एक पर्स. तेव्हा तिथला कायदा सांगत होता की पळणाऱ्या गुन्हेगारावर गोळी चालते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, चालत नाही. त्याच्यापासून कोणाच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं.

दुसरा खटला १९८९ चा, ग्रॅहम विरुद्ध कॉनर. यात बंदूक नाहीच. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात मधुमेही ग्रॅहमची साखर उतरायला लागली, म्हणून मित्राच्या गाडीतून तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला. रांग मोठी होती, म्हणून घाईघाईनं बाहेर आला. पोलिसाला वाटलं, चोरी करून पळतोय. अडवलं, बेड्या घातल्या, मित्र सांगतोय याला मधुमेह आहे तरी ऐकलं नाही. झटापटीत ग्रॅहमचं पाऊल मोडलं. या खटल्यात न्यायालयानं जो निकष दिला, तो आजही तिथल्या प्रत्येक प्रशिक्षणाचा पाया आहे: पोलिसाची कृती त्या जागी, त्या क्षणी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून तपासायची, नंतर सगळं कळल्यावर येणाऱ्या शहाणपणातून नाही. हा निकष पोलिसांना फार झुकतं माप देतो अशी टीका अमेरिकेतच भरपूर होते, आणि ती मला बरीचशी पटते. पण परीक्षकासाठी तो एक भलतीच अडचण उभी करतो. तिच्याकडे येतोच.

तिसरा खटला आपल्या विषयाला थेट भिडतो. डेन्व्हर शहर, १९८५. झुकेल नावाच्या माणसानं एका उपाहारगृहात गोंधळ घातला. पोलीस आले, कोणीतरी ओरडलं की त्याच्याकडे चाकू आहे. पोलिसानं गोळ्या झाडल्या. चाकू निघाला नाही. सापडलं ते नेलकटर. खटला नुसता त्या पोलिसापाशी थांबला नाही, तो शहरापर्यंत गेला: तुम्ही याला काय शिकवलं होतं? उत्तर निघालं, एक व्याख्यान आणि एक फिल्म. तिथल्या सरकारी वकिलांनी पोलीस प्रमुखांना आधीच पत्र लिहिलं होतं की रेंजवर प्रत्यक्ष, ठरावीक काळानं असे सराव घ्या. १९९३ मध्ये अपील न्यायालयानं शहराविरुद्धचा निकाल कायम ठेवला.

यानंतर "आम्ही शिकवलं होतं" एवढं म्हणून भागेना. कोणी शिकवलं, कोणी तपासलं, त्याची लायकी काय, नोंद कुठे आहे, हे दाखवावं लागू लागलं. परीक्षकाच्या प्रमाणपत्राची खरी किंमत इथे सुरू होते.

आता ती अडचण. कायदा म्हणतो, नंतरच्या शहाणपणानं न्याय करू नका. आणि परीक्षक कोण असतो? ज्याला शेवट आधीच माहीत आहे असा त्या खोलीतला एकमेव माणूस. त्यानं तो प्रसंग दोनशे वेळा पाहिलेला असतो. जॅकेटातून मोबाईल येणार हे त्याला ठाऊक आहे. माझ्यासारख्यानं गोळी झाडली की त्याला वाटणार, "एवढं साधं दिसलं नाही?" उलट, त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या फाट्यात पिस्तूल बाहेर येतं, आणि तिथे कोणी झटपट गोळी झाडली की त्याला वाटणार, "वा!" दोन्ही वेळा तो शेवटाला गुण देतोय, निर्णयाला नाही. म्हणून चांगल्या परीक्षकाच्या प्रशिक्षणातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे शेवट विसरायला शिकणं.

उदाहरण घेऊ. पडद्यावर बाई उभी आहे, हात पाठीमागे. प्रशिक्षणार्थी पहिला: आडोसा घेतो, तिला दोनदा हात दाखवायला सांगतो, हातात रिमोट दिसतो, पिस्तूल खाली करतो. दुसरा: जागेवर गोठतो, तोंडातून शब्द फुटत नाही, रिमोट बाहेर येतो, प्रसंग संपतो. कागदावर दोघांचा निकाल एकच, "गोळी झाडली नाही, बरोबर." पण दुसऱ्याच्या वेळी तिच्या हातात सुरा असता तर तो मेला असता, नाहीतर घाबरून शेवटच्या क्षणी अंदाधुंद झाडत सुटला असता. आणि तिसरा असा असतो की पिस्तूल दिसायच्या आधीच त्याचं बोट चापावर दाबायला लागलेलं असतं. योगायोगानं त्या फाट्यात पिस्तूल निघतं. निकाल बरोबर, निर्णय चूक. हा तिसरा माणूस सगळ्यात धोकादायक, कारण त्याला शाबासकी मिळते आणि तो तेच घेऊन रस्त्यावर जातो.

हे तिघं वेगळे काढायचे तर परीक्षकाला विचारावं लागतं. विचारण्याचीही रीत आहे. रेकॉर्डिंग दाखवायच्या आधी विचारायचं, कारण एकदा व्हिडिओ पाहिला की माणूस आठवणीतलं सांगत नाही, पडद्यावरचं सांगतो. प्रश्न उघडा ठेवायचा: "काय झालं ते सांगा." "तुम्हाला धोका वाटला ना?" असं विचारलं की उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलं. आणि पढवलेलं वाक्य आलं तर तिथे थांबायचं नाही. "माझ्या जिवाला धोका वाटला" हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. कशामुळे वाटला? खांदा हलला? कंबरेकडे हात गेला? किती अंतरावर? सांगता आलं तर निर्णयाला पाया होता. नाही आलं, तर माझ्या "काहीतरी"सारखंच.

माझ्या इंदूरच्या स्नेह्यांनी नेमकं हेच केलं होतं. मला ते त्या वेळी उलटतपासणीसारखं वाटलं, खरं सांगतो.

परीक्षकांचं मूल्यमापन कसं करायचं? शहाणी पद्धत अशी: आठ-दहा प्रशिक्षणार्थ्यांची रेकॉर्डिंग घ्यायची, होऊ घातलेल्या परीक्षकांना वेगवेगळं बसवून गुण द्यायला लावायचे, मग सगळ्यांचे कागद समोरासमोर ठेवायचे. जिथे गुण जुळत नाहीत तिथेच खरं शिक्षण होतं. एकानं "घाई केली" लिहिलंय, दुसऱ्यानं "तत्परता दाखवली". दोघांनाही विचारायचं, कोणत्या सेकंदाला, काय पाहून? मग काही दिवस जुन्या परीक्षकाशेजारी बसून काम करायचं. त्यानंतर प्रमाणपत्र, आणि तेही मुदतीचं.

मुदत हवीच, कारण परीक्षकाच्याही सवयी बिघडतात. एक सवय म्हणजे हरवण्याची हौस. संगणक हातात आहे, फाटे आपल्या ताब्यात आहेत. प्रशिक्षणार्थ्यानं कितीही शांतपणे बोललं तरी शेवटी सुरा काढायचाच. असे दहा प्रसंग केलेला मुलगा एकच धडा शिकतो, बोलून काही उपयोग नसतो. म्हणून चांगला बोलला तर पडद्यावरच्या माणसानं शरण यायला हवं, आणि बऱ्याच प्रसंगांचा शेवट गोळीशिवाय व्हायला हवा, जसा रस्त्यावर होतो.

दुसरी सवय म्हणजे अंगठ्याचा नियम. सॉल्ट लेक सिटीतले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि पोलिसाला पिस्तूल काढून झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. हे सावध करणारं निरीक्षण होतं: अंतर ठेवा, आडोसा घ्या. प्रशिक्षणाच्या खोल्यांमधून फिरता फिरता त्याचा झाला "२१ फुटांचा नियम", म्हणजे २१ फुटांच्या आत सुरा दिसला की गोळी चालते. मागे सरकायची जागा होती का हा प्रश्नच गळून गेला. एक परीक्षक दुसऱ्याला शिकवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि कोणी मूळ लेख उघडत नाही.

तुम्ही कॉमेंटमध्ये नेहमी विचारता तो प्रश्न इथेच घेतो: पायावर का मारत नाहीत? जमाव पांगवताना नेम खाली धरायला आपल्याकडे शिकवतात, पण ती गोष्ट वेगळी. समोरासमोरच्या झटापटीत काय होतं? रँड संस्थेनं न्यूयॉर्क पोलिसांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या १८ गोळ्या लागत होत्या. समोरून गोळीबार नसताना ३०. आणि हे वर्षानुवर्षं चांदमारीत उत्तीर्ण झालेले लोक. हलणारा पाय सोडा, अख्खा माणूस चुकतो, आणि चुकलेली गोळी मागे उभ्या असलेल्या कोणाला तरी शोधत जाते. म्हणून आधीचे तीस सेकंद महत्त्वाचे: कुठे उभा राहिलात, काय बोललात.

त्या तीस सेकंदांचं सगळ्यात वाईट उदाहरण क्लीव्हलंडचं आहे. २२ नोव्हेंबर २०१४. १२ वर्षांचा तामिर राइस बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता. फोन करणाऱ्यानं सांगितलं होतं की ते बहुधा खोटं आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे; हे गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी थेट मुलाच्या पुढ्यात नेऊन थांबवली. त्यानंतर दोन सेकंदांच्या आत गोळी झाली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. त्या दोन सेकंदांचाच न्याय केला तर पोलिसापाशी पर्यायच नव्हते असं कोणी म्हणेल. पण गाडी तिथे कोणी नेली?

आणि याच्या आधीची गोष्ट तर अंगावर काटा आणते. तोच पोलीस २०१२ मध्ये इंडिपेंडन्स नावाच्या छोट्या शहराच्या दलात होता. शस्त्र-प्रशिक्षणात त्याचं लक्ष लागत नव्हतं, तो रडवेला झाला होता, असं तिथल्या वरिष्ठानं लेखी नोंदवलं आणि याला सेवेत ठेवू नये असं सुचवलं. त्यानं राजीनामा दिला. क्लीव्हलंडनं २०१४ मध्ये त्याला घेतलं, ती फाईल न मागवता. म्हणजे कोणीतरी परीक्षकाचं काम चोख केलं होतं, नेमक्या माणसाबद्दल नेमकी शंका कागदावर होती. पुढच्या दारात तो कागद कोणी वाचला नाही. २०१७ मध्ये त्या पोलिसाला काढलं, तेही गोळीबाराबद्दल नाही, नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल.

परीक्षकाच्या कामाचा आणखी एक भाग आहे. तो कंटाळवाणा आहे, म्हणून मी शेवटी ठेवला होता, पण खरं तर तो सगळ्यात आधी यायला हवा: खोलीत खरी गोळी नसावी. फ्लोरिडातल्या पुंटा गोर्डा शहरात ९ ऑगस्ट २०१६ रोजी पोलिसांनी नागरिकांसाठी "झाडायची की नाही" याचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. ७३ वर्षांच्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई पोलिसाची भूमिका करत होत्या. खरा पोलीस गुन्हेगार बनला होता. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फुसक्या गोळ्या आहेत असं सगळे समजत होते. त्या खऱ्या होत्या. बाई तिथेच, लोकांसमोर कोसळल्या आणि मरण पावल्या. इथे निर्णय चुकला तो प्रात्यक्षिक सुरू होण्याच्या आधी, तपासणीच्या टेबलावर. म्हणून प्रमाणित परीक्षकाची पहिली परीक्षा ही असते: प्रत्येक शस्त्र दोन माणसांनी दोनदा तपासायचं, दारूगोळा खोलीबाहेर, बाहेरून आलेला कोणीही, मग तो पोलीस प्रमुख का असेना, तपासल्याशिवाय आत नाही. वरिष्ठाला दारात अडवता येत नसेल तर तो परीक्षक नाही. आपल्या समाजात हे किती अवघड आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

एवढं करून काही फरक पडतो का? नुसत्या पडद्यावरच्या निकालावर मी फार विसंबणार नाही. कारण सांगतो. जोशुआ कॉरेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये संगणकावरच्या साध्या खेळातून दाखवलं की लोक शस्त्रधारी काळ्या माणसावर, शस्त्रधारी गोऱ्यापेक्षा, जास्त पटकन गोळी झाडतात. २०१६ मध्ये लोइस जेम्स यांच्या गटानं मोठ्या पडद्याच्या सिम्युलेटरवर पोलिसांना उभं केलं, तर उलट दिसलं: काळ्या माणसावर गोळी झाडायला ते जास्त वेळ घेत होते. कोणतं खरं? सिम्युलेटरमध्ये उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं की आपल्याकडे कोणी पाहतंय. रात्री दोनच्या गल्लीत ते माहीत नसतं. पडदा सराव देतो, माणसाच्या मनाचा एक्स-रे काढत नाही.

आशादायक आकडा वेगळ्या प्रकारच्या प्रशिक्षणाचा आहे. अमेरिकेतल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या एका संशोधन संस्थेनं बंदूक नसलेल्या पण सुरा, दगड घेतलेल्या किंवा मानसिक गोंधळात असलेल्या माणसाशी कसं वागावं याचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचा भर अंतर, आडोसा आणि वेळ मिळवण्यावर. लुईव्हिल शहरात तो राबवल्यावर सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांना बळाच्या वापराच्या घटना २८ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या, आणि पोलिसांना होणाऱ्या इजा ३६ टक्क्यांनी. दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. "संयम शिकवलात तर आमची माणसं मरतील" असं म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो.

आता आपल्याकडे. सिम्युलेटर भारताला नवीन नाहीत; हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज ही कंपनी १९९३ पासून सुरक्षा दलांसाठी अशा यंत्रांच्या धंद्यात आहे. कायदाही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेसाठी लागेल ते बळ वापरू देतं, पण ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला ठार करण्याचा अधिकार देत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, तुम्हा-आम्हाला आहे तसाच, आणि न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. २०१४ मध्ये पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी १६ सूचना दिल्या: एफआयआर, स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी. मुंबईतल्या चकमकींतून निघालेला हा खटला. पण त्या सूचना गोळी झाडून झाल्यावर सुरू होतात. आजचा आपला विषय गोळीच्या आधीचा होता.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी खात्यात आहे, हे मला तुमच्या पत्रांवरून माहीत आहे. त्यांना विचारा. तुमच्या केंद्रावर सिम्युलेटर असेल तर तो चालवतो कोण? कंपनीनं शिकवून गेलेला ऑपरेटर, की प्रश्न विचारायला शिकलेला परीक्षक? प्रसंग संपल्यावर पडद्यावर फक्त आकडे येतात, की कोणी विचारतं, दुसरा हात कुठे होता? त्याची नोंद होते का? आणि बदली होऊन माणूस दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर ती नोंद त्याच्याबरोबर जाते का? जे कळेल ते मला लिहा, नाव-गाव न सांगता लिहिलंत तरी चालेल. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.